पोटगी थकली? एक वर्षाची मुदत चुकवू नका!

न्यायालयाने पोटगी मंजूर केली, पण माजी पती पैसेच देत नाही. मग वसुली कशी करायची? जाणून घ्या.

दरमहा पोटगी : आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (पूर्वीचे सीआरपीसी १२५) नुसार असेल, तर न्यायालयात वसुलीचा अर्ज करा. वॉरंट निघते. तरीही पैसे न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

तुरुंगात गेला, तर थकबाकी माफ? नाही. कैद भोगली तरी रक्कम द्यावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मुदत : या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. 'पुढच्या महिन्यात देतो' या आश्वासनांवर थांबलात, तर जुन्या महिन्यांसाठी हा मार्ग बंद होतो.

घटस्फोटाच्या तडजोडीतील रक्कम : ती हुकूमनाम्यात नोंदलेली असेल, तर कुटुंब न्यायालयात दरखास्त दाखल करा. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून उरलेल्या पगारावर टाच आणता येते.

सोबत काय न्याल? आदेशाची प्रमाणित प्रत, बँक स्टेटमेंट आणि थकबाकीचा महिनावार हिशोब.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.