रक्ताचा ‘बायपास’ : लाभ आणि त्याचे मोल

घरातील वडीलधाऱ्यांना एकाएकी रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखी काळी, चिकट होऊ लागली, तर ‘पित्त खवळले असेल’ असे म्हणून सकाळची वाट पाहू नका. यकृताचा विकार असलेल्या रुग्णात अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटल्याचे ते लक्षण असू शकते. रुग्णास कुशीवर निजवा, तोंडाने काहीही देऊ नका आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. सातारा, कराड, सांगली वा मिरज, जेथे रक्तपेढी व एंडोस्कोपीची सोय जवळ असेल, तेथे न्या.

हे का घडते? आतडी आणि प्लीहा यांतील रक्त पोर्टल शिरेवाटे यकृतात येते. मद्य, ‘बी’ वा ‘सी’ प्रकारची कावीळ किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे यकृत निबर झाले, म्हणजेच सिऱ्होसिस झाला, की त्या शिरेतील दाब वाढतो. कृष्णाकाठी राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. नदी फुगली की पाणी नाल्यांतून उलटे वस्तीत शिरते; तसेच तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरते.

प्रथम रक्त, दाब उतरवणारी इंजेक्शने, प्रतिजैविके आणि एंडोस्कोपीने शिरेला रबरी बंध घालणे, हे उपचार होतात. पुढे प्रोप्रॅनोलॉल वा कार्व्हेडिलॉल देतात. बहुतेकांचे एवढ्यावर भागते. रक्तस्राव तरीही थांबत नसेल किंवा पुनःपुन्हा होत असेल, तर ‘शंट’चा विचार होतो.

शंट म्हणजे शहर टाळून जाणारा बायपास रस्ता. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हिपल यांनी 1945 मध्ये ही शस्त्रक्रिया पुढे आणली. रक्तस्राव थांबे, परंतु आतड्यांतील रक्त यकृतात न गाळताच अमोनियासह मेंदूकडे जाई आणि रुग्ण भ्रमिष्ट होई. म्हणून 1967 मध्ये डॉ. वॉरन यांनी प्लीहेची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेस जोडून आतड्यांचा प्रवाह यकृताकडेच ठेवला. आज सिऱ्होसिसमध्ये बहुधा मानेच्या शिरेतून यकृतात जाळीदार नळी बसवतात. तिला ‘टिप्स’ म्हणतात. यकृत निरोगी असून केवळ पोर्टल शीर बंद असलेल्या मुलांना व तरुणांना मात्र शस्त्रक्रियेचा शंट आजही उपयुक्त ठरतो.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा : बंध व औषधे पुरेशी नाहीत का? यकृत व हृदय हा बदल सोसतील का? प्रत्यारोपण शक्य आहे का? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रास भेटा.

शंटनंतर खरी राखण घरच्यांचीच. दिवसा झोप व रात्री जाग, हातांना कंप, बिघडलेली सही, असंबद्ध बोलणे ही मेंदूवरील परिणामाची चिन्हे होत. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. लॅक्टुलोज सांगितल्याप्रमाणे द्या. झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नका. डाळ-दूधही स्वतःहून बंद करू नका. अशक्त शरीरास प्रथिने हवीच असतात.