दारू महागली, शिसं संपलं: मालवणच्या किनाऱ्यावरचा जुना प्रश्न

दारू म्हटलं की मालवणात कान टवकारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. आजचा भाग काजूच्या दारूवर नाही, बंदुकीच्या दारूवर आहे. इयरफोन काढू नका, हा विषयही कमी चढणारा नाही.

निमित्त आलं ते तुमच्याच मेसेजमधून. काजूच्या बागेत माकडं, भातात रानडुकरं, घरात आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक, आणि दुकानात गेलं की दारू नाही, केपा नाहीत, असले तर दर वाढलेले. एकाने सरळ विचारलं होतं, "ही दारू पयली येय खयसून?" पहिल्यांदा कुठून यायची? मला प्रश्न आवडला. कारण हीच पंचाईत या किनाऱ्याने साडेतीनशे वर्षांपूर्वीही भोगली आहे, आणि तेव्हा पणाला लागलेली होती राज्याची हद्द.

सिंधुदुर्ग किल्ल्यापासून सुरू करू. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले, हे बखरीत येतं आणि बोटीतून उतरल्यावर गाईडही पहिलं तेच सांगतो. आपण "वा!" म्हणतो आणि पुढे जातो. पण जरा थांबा. बंदुकीची गोळीसुद्धा शिशाचीच असते. म्हणजे ज्या मालाची सैन्याला रोज गरज, तोच माल समुद्राच्या तळाशी ओतायचा निर्णय कुणीतरी घेतला. पायात गेलेलं शिसं परत काढून गोळ्या करता येत नाहीत.

शिसंच का? ते साधारण ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे लाकडाच्या जाळावरही होतं. मऊ असतं, फटीत नीट बसतं, आणि खाऱ्या पाण्यात लोखंडासारखं गंजून फुगत नाही. याच गुणांमुळे ते गोळीलाही चालतं. छावणीत बसून साच्यात ओतलं की गोळी तयार, आणि झाडलेली गोळी सापडली तर पुन्हा वितळवता येते. जुन्या काळातली ही खरीखुरी काटकसर. लोखंडी गोळ्याचंही तसंच, न फुटलेला गोळा उचलून परत वापरता येई. लोखंड नसलं तर दगडी गोळे घडवत. दगड लोखंडाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकाच जड, त्यामुळे मार कमी, पण त्याला दारूही कमी लागते. टंचाईत हा सौदा वाईट नाही.

आता दारू. काळ्या दारूत तीन जिन्नस: सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा कोकणात हवा तेवढा. अडचण बाकीच्या दोघांची. त्यातला सोरा सर्वांत जास्त लागतो. सोरा तयार होतो तो शेण, मूत, कुजकं यांनी भरलेल्या जमिनीत, आणि कोरड्या हवेत वर पांढरा थर धरतो. आपल्याकडे पाऊस किती? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. सोरा पाण्यात विरघळतो, म्हणजे जे काही साठलं असेल ते आषाढात वाहून जाणार. त्यामुळे कोकणच्या किल्ल्यांना सोरा घाटावरून किंवा समुद्रावरून आणावाच लागे. हिंदुस्थानातला सर्वांत नावाजलेला सोरा बिहारचा, पाटण्याकडचा, आणि तो उचलायला डच आणि इंग्रज टपलेले. त्यांना तो युरोपातल्या लढायांसाठी हवा होता. तुमच्या बाजूच्या गावातली हापूस परदेशात जाते आणि तुम्हाला रायवळ मिळतो, त्यातलाच प्रकार.

बरं, समुद्रावरून आणायचं म्हटलं तर समुद्र कुणाचा? पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना द्यायचे. तो नसला तर जहाज पकडायचे, आणि असला तरी युद्धाचा माल न्यायला बंदी. शिवाजी महाराजांनी आरमार का उभारलं याची मोठी कारणं आपण शाळेत शिकतो, पण हे रोजच्या सामानाचं कारणही मनात ठेवायला हवं.

विकणाऱ्यांचं राजकारण तर अजून मजेशीर. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि गोळे घेऊन तिथे गेला आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आले आणि गोलंदाज झाले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली, आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले १६६३ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं दोन्ही बाजूंचा एकच हिशोब चालू राहिला. इंग्रज म्हणत राजापूरची नुकसानभरपाई द्या, मराठे म्हणत तोफा आणि दारूगोळा द्या. इंग्रज उघड हो म्हणत नसत, कारण सुरतेची मोठी वखार मुघलांच्या राज्यात होती. उघड नाहीही म्हणत नसत, कारण कोकणातला व्यापार हवा होता. मग महाराजांनी फ्रेंचांकडे पाहिलं. फ्रेंचांकडून तोफा आणि शिसं घेतल्याच्या नोंदी इंग्रजांच्याच लिखाणात आहेत, आणि त्या लिहिताना त्यांची जळजळ लपत नाही. एक दुकानदार अडवतो, तर दुसरा हाताशी ठेवायचा.

इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव या सुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज हद्दीतलं मीठ स्वस्त पडत होतं आणि व्यापारी तिकडे वळत होते. उपाय काय सांगितला? त्या मिठावर जकात एवढी वाढवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. सोपं, नेमकं. मिठाचा दर राजाला हलवता आला, कारण मीठ आपल्या मिठागरात पिकत होतं. शिशाचा आणि गंधकाचा दर असा हलवता येत नव्हता. ज्याची खाण आपल्याकडे नाही, त्याचा भाव दुसरा ठरवतो. जकात वाढवली असती तर आपल्याच दारूखान्याला महाग पडलं असतं.

मग हातात उरतं काय? असलेलं सांभाळणं. आणि कोकणात सांभाळणं म्हणजे ओलीशी झगडा. दारू ओली का होते, हे समजून घ्या. शुद्ध सोरा हवेतलं पाणी फारसं ओढत नाही. पण नीट शुद्ध न केलेल्या सोऱ्यात साधं मीठ आणि इतर क्षार राहतात, ते ओलावा ओढतात. कोळसाही ओढतो. वर समुद्राची खारी हवा. चार महिने असं गेलं की दारू धड पेटत नाही, नुसती फुसफुसते. म्हणजे वहीत साठा भरलेला आणि तोफेत काहीच नाही. ही टंचाई बाजारातली नाही, कोठारातली आहे, आणि ती वेढा पडल्याशिवाय कळत नाही.

यावर सर्वांत स्पष्ट लिहिलंय ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. काळ १७१५ च्या आसपासचा, लिहिलं कोल्हापूरच्या गादीसाठी, आणि सिंधुदुर्ग पुढे त्याच कोल्हापूरकरांकडे होता, म्हणून आपल्याला ते जवळचं. सांगणं असं: दारूखाना राहत्या घराजवळ नको, सदरेपासूनही लांब, भोवती कुंपण. तळघर करा, त्यात माच घाला आणि दारूची मडकी माचावर ठेवा, जमिनीला टेकवू नका. ओल लागू देऊ नका. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावं, आणि पुन्हा शिक्कामोर्तब करून ठेवावं. शिक्का का, हे सांगायला नको. महाग मालाला पाय फुटतात. त्याच ग्रंथात टोपीकरांबद्दलही बजावलंय, की यांचं बळ म्हणजे आरमार, बंदुका आणि दारूगोळा, तेव्हा किनाऱ्यावर यांना जागा देताना सावध राहा.

साठा भरपूर असला म्हणजे सुटलो, असंही नाही हां. आपल्याच देवगड तालुक्यातला विजयदुर्ग बघा. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. एक तोफगोळा एका जहाजावर पडला, आग लागली, ती शेजारच्या जहाजांना भिडली आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. किल्ला घेतल्यावर इंग्रजांना आत दोनशेच्या वर तोफा आणि ढीगभर दारूगोळा मिळाला. न वापरलेला. पुढे १७६५ मध्ये सिंधुदुर्गही इंग्रजांनी घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही दिलं, आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत केला. नाव काही टिकलं नाही, बरं झालं.

आता आजोबांच्या बंदुकीकडे येऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे १७ व्या शतकातलं तंत्र कायद्याने शेतकऱ्यासाठी जपून ठेवलंय. फरक एक आहे, आणि तो महत्त्वाचा. जुनी तोड्याची बंदूक सुताच्या जळत्या वातीवर पेटे, वात कुठेही वळता येई. आजच्या ठासणीला केप लागते. ती कारखान्यातच बनते. दारू मिळाली, छरे मिळाले आणि केप नाही, तर बंदूक म्हणजे काठी. म्हणून दुकानात आधी केपांची चौकशी करा.

साठवून ठेवू म्हणाल तर परवान्यावर दोन आकडे असतात: एका वेळी किती ठेवायचं आणि वर्षात किती घ्यायचं. ते ओलांडता येत नाहीत. त्यात निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येतो, आणि माकडांना आचारसंहिता नसते. मग करायचं काय? पावसाआधी सगळे एकदम दुकानात जातात, तुम्ही उन्हाळ्यातच जा. परवान्याचं नूतनीकरण रखडू देऊ नका, कारण मुदत संपली की दुकानदार काहीच देणार नाही. माल हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, जमिनीपासून वर, कुलपात ठेवा. दारू आणि केपा एका डब्यात कधीही नको. आणि चुलीच्या वरचा माळा कोरडा असतो हे मला माहीत आहे, तिथे तर अजिबात नको. अमात्यांनी दारूखाना घरापासून लांब का ठेवायला सांगितला, ते आठवा. ओली झालेली दारू घरी शेकायची नाही.

घरी दारू बनवायचा विचार तर डोक्यातून काढा. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं गुन्हा आहे, आणि गुन्ह्याच्या आधी हात जातो. पाइपात कार्बाइड घालून बार काढायचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येत असतील. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये त्याच कार्बाइड गनने किती मुलांचे डोळे दुखावले, ते बातम्यांत आलं होतं. आणि जनावर मारायचा प्रश्न बंदुकीच्या परवान्याने सुटत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, तो वेगळा लागतो. रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी हवी. परवाना हातात आणि परवानगी नाही, यात आपल्याकडची माणसं अडकतात.

बागेत रोज बार काढायचा खर्च जमवून बघा. बऱ्याच ठिकाणी आवाज हाच उद्देश असतो, आणि माकडं दोन-तीन आठवड्यांत आवाजाला सरावतात. गोफण, पाळीपाळीने राखण, कुत्रा, झटका देणारं सौर कुंपण, यांची अदलाबदल केली तर एकेक बार जास्त दिवस कामाला येतो. कुंपणात घरातली लाइन सोडू नका, त्यात डुक्कर नाही तर शेजारी मरतो.

पुढच्या भागात वाघोटणच्या खाडीतल्या गोदीबद्दल बोलू. आजोबांकडे जुना परवाना असेल तर त्यावर काय काय लिहिलंय ते वाचून मेसेज करा. फोटो नको, त्यावर नाव-पत्ता असतो.