नाही म्हणता न येणारी मोटर

संपादकांना गोल्फ कार्टवर एक चुरचुरीत लेख हवा होता. निमित्त होतं कायनेटिक ग्रीनचं. १९७२ साली ज्या फिरोदिया घराण्याच्या कंपनीने लुना आणली, त्याच घराण्यातली ही पुण्याची कंपनी इटलीच्या टोनिनो लॅम्बोर्गिनीशी भागीदारी करून गोल्फ कार्ट बनवू लागली. लुनापासून लॅम्बोर्गिनीपर्यंत, असा मथळाही संपादकांनी सुचवून ठेवला होता. तो वापरण्याची वेळ आली नाही, कारण मी वाटेतच एका जळालेल्या मोटरपाशी थांबलो.

गोल्फ कार्टचा इतिहास दोन वाक्यांत संपतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत त्या मैदानावर आल्या, आणि त्यांचं काम एवढंच की दोन माणसं आणि त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या हिरवळीवरून हळूहळू न्यायच्या. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, बावधनच्या डोंगरउतारावर ऑक्सफर्डचं आहे. पण या जातीच्या गाड्या गोल्फपेक्षा इतरत्रच जास्त दिसतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पर्यटकांना फिरवतात, मोठ्या गृहसंकुलांत आजी-आजोबांना गेटपासून लिफ्टपर्यंत सोडतात, लग्नाच्या लॉन्सवर नवरदेवाला मिरवतात. चार-सहा वर्षांनी बॅटऱ्या बसल्या की या गाड्या स्वस्तात विकल्या जातात. मग एखादा नर्सरीवाला किंवा फार्महाऊसवाला त्यातली एक घेतो, नव्या बॅटऱ्या टाकतो आणि वेल्डरकडून मागे एक हूक लावून घेतो. त्या हुकापासून आपली गोष्ट सुरू होते.

सोमवार पेठेतल्या एका बोळात रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली आणि बाहेर पत्र्याची पडवी. सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटरी, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, उसाच्या गुऱ्हाळाची एखादी, असा सगळा संसार दारातच मांडलेला. मिस्त्री साठीच्या पुढचे. नाव छापू नका म्हणाले, नाहीतर लोक फोन करून फुकट सल्ले विचारतात. त्यांच्या मांडीवर त्या दिवशी कात्रजपलीकडच्या एका नर्सरीतून आलेल्या कार्टचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, होता. ट्रॉली जोडून ओली माती आणि कुंड्या ओढायला ती गाडी लावली होती. चढ होता. मोटर गेली.

"गेली म्हणजे काय?" मी विचारलं.

"ते वाचावं लागतं, सर," असं म्हणून त्यांनी आर्मेचर उजेडाकडे वळवलं.

आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं गोल कडं असतं, त्याला कम्युटेटर म्हणतात. त्यावर चार कार्बन ब्रश टेकलेले असतात आणि बॅटरीची वीज त्यांच्यातून फिरत्या वेढ्यांत उतरते. मिस्त्री या कड्यावरून निदान करतात. सगळं कडं सारखंच निळसर-काळं पडलं असेल, तर मोटर फिरत होती पण तिला बराच वेळ झेपेल त्याहून जास्त ओढायला लावलं. सारख्या अंतरावरच्या मोजक्याच पट्ट्या जळून खड्डे पडले असतील, तर गाडी चढावर अडकलेली असताना कुणीतरी पेडल दाबून धरलं होतं; मोटर फिरत नव्हती, सगळी वीज ब्रशखालच्या त्याच पट्ट्यांतून जात राहिली. आणि पट्ट्या जागेवरून उचलल्या असतील, तर ती जास्त वेगाने फिरली, उतारावर किंवा बंद पडलेली कार्ट जीपला बांधून भरधाव ओढून नेताना. नर्सरीच्या आर्मेचरवर पहिल्या दोन्ही खुणा होत्या. आधी दिवसभर ओढलं, मग शेवटी चढावर अडकवलं. मालकाने फोनवर सांगितलं होतं की मोटर "अचानक" जळाली. मिस्त्री त्यावर काही बोलले नाहीत. नुसतं बोट फिरवून दोन्ही खुणा दाखवल्या.

जुन्या कार्टमधली ही मोटर डीसी सिरीज जातीची. तिचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. फिरणारी मोटर स्वतःही वीज तयार करत असते आणि ती बॅटरीकडून येणाऱ्या विजेला विरोध करते. सपाटीवर मोटर झपाट्याने फिरते, विरोध मोठा असतो, पन्नास-साठ अँपिअरवर काम भागतं. चढ लागला की वेग उतरतो, विरोध कमी होतो, आणि बॅटरीतून आपोआप जास्त करंट आत शिरतो. त्याबरोबर ओढण्याचा जोरही वाढतो. कुणी काही सांगावं लागत नाही. ओझंच मोटरकडून हवं तेवढं मागून घेतं. पेट्रोलचं इंजिन जास्त ओझं पडलं की आचके देऊन बंद पडतं. बैल तर सरळ खाली बसतो. सिरीज मोटरला बसणं माहीत नाही. दोनशे, अडीचशे, तीनशे अँपिअर घेत ती ओढत राहते, आणि हिशेब उष्णतेत चुकता होतो.

हा हिशेब मला मिस्त्रींच्या पाटावर खडूने करून बघावासा वाटला. गाडी आणि दोन माणसं मिळून ६५० किलो धरू. सपाट रस्त्यावर चाकं लोटायला वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो, म्हणजे १३ किलोचा. दहात एक असा चढ आला की त्यात ६५ किलोची भर, एकूण ७८. आता मागे ८०० किलोची ट्रॉली जोडा. सपाटीवर लागतात फक्त २९. म्हणजे भरलेली ट्रॉली सपाटीवर ओढणं हे रिकाम्या गाडीने चढ चढण्याहून किती तरी सोपं. म्हणूनच मालक फसतो. अंगणात ट्रॉली लीलया येते, त्याला वाटतं जमलं. तीच ट्रॉली चढावर घातली की १७४ किलोचा जोर हवा, रिकाम्या चढाच्या सव्वादोनपट. जोर सव्वादोनपट तर करंटही जवळपास तितकाच, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ती झाली पाचपट.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. २५ अंशांवरून १५५ अंशांवर गेलं तर दीडपट होतो, म्हणजे तेवढ्याच करंटला आणखी उष्णता. शिवाय या मोटरला पंखा असला तर तो तिच्याच शाफ्टवर बसवलेला. चढावर मोटर हळू फिरते, पंखाही हळू फिरतो. गार वाऱ्याची गरज सगळ्यात जास्त असते नेमका तेव्हाच वारा सगळ्यात कमी. मला या रचनेची चीड आली. मिस्त्रींना नाही आली. म्हणाले, "बनवणाऱ्याने गोल्फसाठी बनवली, सर. त्याला काय माहीत पुढे मातीची ट्रॉली लागणार?"

चढावर तापणाऱ्या मोटरचा हा प्रश्न पुण्याच्या वाटेवर फार पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला आहे. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ला एक. १९२९-३०च्या सुमारास विजेच्या तारा पुण्यापर्यंत आल्या, १ जून १९३०ला दख्खनची राणी धावू लागली, आणि मालगाड्या ओढायला आली ती रेल्वेवाल्यांनी खेकडा नाव दिलेली इंजिनं. त्यांच्याही मोटरी डीसी सिरीज जातीच्याच. पण विजेच्या इंजिनात मोटरींना वारा घालायला वेगळे ब्लोअर असतात, इंजिन कितीही हळू चालो. मोटरीची क्षमता दोन आकड्यांत सांगतात: सतत किती करंट चालेल आणि तासभर किती. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर अँपिअरमीटर. आणि घाटात गाडीला मागून ढकलायला कर्जतहून जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ओझं कमी करता येत नसेल तर मोटरी वाढवा, हा रोकडा उपाय. कार्टच्या डॅशबोर्डवर मात्र असतो फक्त बॅटरीचा काटा.

मोटरचं खरं मरण तांब्यात नसतं, तांब्यावरच्या लेपात असतं. तांबं वितळायला हजार अंशांच्या वर जावं लागतं. तारेवरचं इनॅमल, खाचेतला कागद, वार्निश हे त्याच्या कितीतरी आधी जातात. इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत: बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. मर्यादेच्या वर दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा कारागिरांपासून इंजिनिअरांपर्यंत सगळ्यांचा ठोकताळा. चाळीस अंश जास्त म्हणजे आयुष्य सोळाव्या हिश्श्यावर. वीस वर्षांची मोटर मग सव्वा वर्षाची.

मिस्त्रींचं काम बघत बसावं असं आहे. साधी पंपाची मोटर असेल तर आधी वहीत नोंद: खाचा किती, वेढे किती, तारेचा गेज काय. जुनी तार छिन्नीने एका बाजूने कापतात, दुसऱ्या बाजूने ओढून काढतात. गॅसच्या ज्योतीने फटकन जाळून काढणारी दुकानं आहेत, पण त्यात लोखंडाच्या पातळ पत्र्यांमधला लेपही जळतो आणि नवं वाइंडिंग भरलं तरी मोटर पूर्वीपेक्षा गरम चालते. नवी तार तपकीर गल्लीतून किलोवर आणतात. कार्टच्या आर्मेचरात मात्र तार नसते, वळवलेल्या जाड तांब्याच्या सळ्या असतात. त्या बाजारात मिळत नाहीत. मिस्त्री जुन्याच सळ्या एकेक काढतात, सरळ करतात, जळकं खरवडतात, काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळतात आणि पुन्हा त्याच खाचेत बसवतात. मग वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणं, लेथवर कम्युटेटर साफ करणं, दोन पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खाली कोरणं. शेवटी मेगर हे इन्सुलेशन तपासायचं यंत्र लावून बघणं, कुठे वीज लोखंडात तर उतरत नाही ना.

अडचणी इथे सुरू होतात. या कामाला दोन-तीन दिवस जातात आणि गिऱ्हाईक मजुरी ऐकून नव्या मोटरची किंमत विचारतं. तांब्याचा भाव वाढला की जळकी तार भंगारात विकून नवी मोटर घेणंच परवडतं. हाताखाली पोरं टिकत नाहीत. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला वाइंडिंगचे धडे असतात, पण पास झालेला मुलगा चाकणच्या कारखान्यात जातो, बोळात वार्निशच्या वासात बसत नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

मोठी अडचण वेगळीच आहे. नव्या कार्टमध्ये आणि ई-रिक्षांमध्ये ब्रशची मोटर फारशी उरलेली नाही. एसी इंडक्शन मोटर असते किंवा कायम चुंबकाची. वाइंडिंगमध्ये बऱ्याचदा तापमान मोजणारा सेन्सर पुरलेला असतो. पारा चढला की कंट्रोलर करंट कमी करतो आणि गाडी आपोआप मंदावते. म्हणजे नाही म्हणायला शिकलेली मोटर शेवटी आली. मला हे ऐकून बरं वाटलं. मिस्त्री हसले. "गिऱ्हाइकाला नाही आवडत," म्हणाले. गाडी चढावर दम टाकते अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि सेन्सर काढून टाका म्हणतात. ते करायला अक्कल फारशी लागत नाही. सेन्सरच्या दोन वायरींमध्ये एक ठरावीक रोधक जोडला की कंट्रोलरला मोटर कायम चाळीस अंशांवर दिसते.

मिस्त्री ते करत नाहीत, पण करून देणारी दुकानं शहरात आहेत. अशी गाडी काही दिवसांनी जळते आणि मोटर मिस्त्रींकडेच येते. मात्र कायम चुंबकाच्या मोटरला आतून दुहेरी इजा झालेली असते. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ऐंशी अंशांच्या आसपासच कमजोर पडू लागतं, चांगल्या प्रतीचं दीडशेच्या पुढे टिकतं. पण त्याहून वर गेलं तर थंड झाल्यावरही गेलेली ताकद परत येत नाही. या चुंबकांचा बहुतेक पुरवठा चीनकडून. एप्रिल २०२५मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा आकुर्डीच्या बजाज ऑटोलाही विजेच्या गाड्यांचं उत्पादन थांबण्याचा इशारा द्यावा लागला होता. बोळातल्या दुकानाला सुटं चुंबक कोण देणार? त्यामुळे मिस्त्री अशी मोटर उघडून वाइंडिंग भरून देतात, पावतीवर "जोर कमी येईल" असं लिहून गिऱ्हाइकाची सही घेतात, आणि नर्सरीवाल्याच्या जुन्या ब्रशवाल्या मोटरीसाठी मात्र तीन महिन्यांची हमी देतात, ट्रॉलीत तीनशे किलोच्या वर माती भरायची नाही या अटीवर.