पाटी वाचण्याआधी वाट दिसली पाहिजे

मेट्रो स्थानक सुंदर आहे की नाही, हे आपण बहुधा रस्त्यावरून बघून ठरवतो. पण जमिनीखाली उतरलेल्या माणसापुढचा प्रश्न वेगळाच असतो: आता कुठे जायचं? भुयारात ऊन नसतं, ओळखीची इमारत नसते, दिशेचा अंदाज येईल असं काहीच नसतं. या प्रश्नाचं उत्तर पाट्यांच्या आधी बांधकामानेच द्यायला हवं. ते देता येतं, हे स्पेनमधल्या बिल्बाओच्या मेट्रोने १९९५ साली दाखवून दिलं. वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांनी तिथे खोदकामातून आलेली कमान खोट्या छताआड झाकली नाही, तर तिलाच स्थानकाचं रूप दिलं. साधारण १६ मीटर रुंदीच्या त्या पोकळीत पोलादी मधला मजला भिंतींपासून सुटा ठेवला आहे. तिकिटाच्या फाटकातून आत आलं की खालचे रूळ, दोन्ही फलाट आणि उतरायचे जिने एका नजरेत येतात. वर फुटपाथवर बोगद्याचीच गोलाई घेतलेली काचेची कमान उभी असते. दिवसा ती जिन्यावर उजेड सोडते, रात्री आतल्या दिव्यांनी उजळते. पाट्या आखल्या म्युनिक ऑलिंपिकची चिन्हं घडवणाऱ्या ऑट्ल आयशर यांनी. तरी वाट दाखवण्याचा सगळा भार पाट्यांवर नाही.

एवढा खर्च आपल्याला परवडेल का, अशी शंका इथे रास्तच आहे. लंडनच्या ज्युबिली मार्गाचा १९९९ मध्ये पुरा झालेला विस्तार अंदाजपत्रकाच्या कितीतरी पुढे गेला होता, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक स्थानक वेगळ्या वास्तुरचनाकाराकडे होतं. बिल्बाओने मात्र एकच आराखडा ठिकठिकाणी वापरला आणि काँक्रीटचे तक्ते आधी ओतून मग आत बसवले. अशाने सगळी स्थानकं एकसारखी होऊन शहराची ओळख हरवेल, असंही कोणी म्हणेल. घडलं उलटंच: तिथले लोक त्या काचेच्या कमानींना लाडाने ‘फोस्टेरितो’ म्हणतात. आपल्याकडे पुण्यात डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला आहे. त्यामागची आपुलकी खरी आहे, पण तो आकार नीट दिसतो तो बाहेरून; आत वाट शोधणाऱ्याला त्याची मदत होत नाही. त्याच शहरातलं जिल्हा न्यायालय स्थानक मला म्हणूनच अधिक मोलाचं वाटतं. ३३ मीटर खोलवर उंच पोकळी मोकळी ठेवून तिथे वरून दिवसाचा उजेड खाली आणला आहे. आपल्याकडचं ऊन आणि पाऊस युरोपातले नाहीत, हा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा. उघडी काच इथे तापेल आणि पागोळ्यांचं पाणी जिन्यावर येईल. म्हणून उजेड उत्तरेकडून घ्यावा, छज्जे खोल ठेवावेत आणि प्रवेशाचा ओटा रस्त्यापेक्षा चांगला उंच बांधावा.