लुइझा मे अल्कॉट : जखमींसोबत हसणारी लेखिका



'लिटल विमेन' ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मधून वाचली असेल. तिची लेखिका लुइझा मे अल्कॉट विनोदी लिहायची हे सगळे सांगतात. तो विनोद कशाला कामी आला, हे मी आज एका फौजी माणसाच्या नजरेने सांगणार आहे.

लुइझाचा जन्म १८३२ चा. वडील विचारवंत, पण घरात पैशाची कायम ओढाताण. तिने शिवणकाम केले, मुलांना शिकवले, दुसऱ्यांच्या घरी कामही केले. १८६२ मध्ये तिशी पूर्ण होताच ती अमेरिकेच्या यादवी युद्धात परिचारिका म्हणून दाखल झाली. वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाऊनमध्ये एका हॉटेलचेच इस्पितळ केले होते. ती पोहोचली आणि लगेच फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी येऊ लागले. तिला हुकूम मिळाला, या सगळ्यांना अंघोळ घाला! परक्या पुरुषांना? ती गांगरली. पण पहिलाच जखमी, एक म्हातारा आयरिश शिपाई, इतका खुलला की दोघेही हसत सुटले. पुढचे काम सोपे झाले.

'हॉस्पिटल स्केचेस' या १८६३ च्या पुस्तकात हे सारे आहे. त्यात ती स्वतःला 'ट्रिब्युलेशन पेरिविंकल' असे गमतीदार नाव घेते. ट्रिब्युलेशन म्हणजे संकट! ती स्वतःवर हसते, ढिसाळ कारभाराला चिमटे काढते. जखमींसोबत ती हसते, जखमींना हसत नाही. आणि जॉन नावाचा लोहार मृत्यूच्या दारात असतो, तिथे तिची लेखणी गंभीर होते. लष्करी इस्पितळांतले वॉर्ड मी पाहिले आहेत. थट्टा कुठे करायची आणि कुठे थांबायचे, ही जाण तिथे औषधाइतकीच लागते.

काही आठवड्यांतच लुइझाला विषमज्वर झाला. कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध दिले गेले. वडील येऊन तिला घरी घेऊन गेले. तब्येत पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. १८६८ च्या 'लिटल विमेन'मध्ये मात्र तिने हे उलटे केले. तिथे आजारी पडतात ते वडील! स्वतःचे दुखणे तिने दुसऱ्याच्या नावावर टाकले, गाऱ्हाणे गायले नाही.

पुढे वाचक मागे लागले, ज्योचे लग्न लॉरीशीच लावा. लुइझाने ऐकले नाही. तिने ज्योची गाठ एका मध्यमवयीन, गबाळ्या जर्मन प्राध्यापकाशी घालून दिली. स्वतः ती अविवाहित राहिली आणि लेखणीच्या कमाईवर घराचे कर्ज फेडले.

म्हणून 'चौघीजणी' पुन्हा हातात घ्याल तेव्हा हसू येईल त्या जागी क्षणभर थांबा. त्या हसण्यामागे कुठली तरी ओढाताण, कुठले तरी दुखणे नक्की सापडेल. लुइझाने ते लपवले नाही, सोसण्याजोगे केले.