खेळण्यातली गाडी आणि विहिरीवरची मोटर

अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. यात्रेहून परतणाऱ्या मुलाच्या हातात पूर्वी भिंगरी किंवा पिपाणी असे. आता रिमोटवर चालणारी गाडी असते. आठ दिवसांत गाडीचे चाक निखळते आणि घरातला थोरला मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रिमोट उघडून बसतो.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?" आजोबा विचारतात.

"आबा, याच्यावर विहिरीवरची मोटर चालू करतो."

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. केळीला पाणी द्यायचे आणि विजेची पाळी रात्रीची, अशा वेळी विंचू-सापाच्या वाटेने विहिरीवर जाणे काय असते, हे रावेर-यावलपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत कोणाला सांगायला नको. तेव्हा हे खेळणे काय करू शकते आणि काय नाही, ते नीट पाहू.

जळगाव आकाशवाणी आपण ९६३ किलोहर्ट्झवर ऐकली. म्हणजे तिची लहर सेकंदाला ९ लाख ६३ हजार वेळा कंप पावते. साध्या खेळण्याच्या रिमोटमधली लहर बहुधा २७ मेगाहर्ट्झची, म्हणजे २ कोटी ७० लाख कंपनांची असते. कळ दाबली की ही लहर ठराविक तालावर चालू-बंद होते. त्या तालातच हुकूम दडलेला असतो.

हा ताल उलगडता येतो. बऱ्याच स्वस्त गाड्यांत 'टीएक्स-२' जातीची चिप असते. ती आधी ४ लांब ठोके देते आणि मग आखूड ठोके मोजून पाठवते. १० ठोके म्हणजे पुढे, ४० म्हणजे मागे, ५८ म्हणजे डावीकडे, ६४ म्हणजे उजवीकडे. लांब ठोका २ मिलिसेकंदांचा आणि आखूड १ मिलिसेकंदाचा. म्हणजे 'पुढे' हा हुकूम १८ मिलिसेकंदांत पुरा होतो आणि कळ दाबून धरली की पुन्हा पुन्हा जातो. चिपमधून निघणारा हा संकेत मोठा रोध मध्ये घालून संगणकाच्या माइकच्या खाचेत दिला, तर ठोके पडद्यावर उमटतात आणि बोटाने मोजता येतात. नव्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये मात्र हे इतके सोपे नाही.

पुढचे काम मुलांना सहज जमते. गाडीच्या छोट्या मोटरीऐवजी रिले जोडायचा, की रिमोटवर दिवा लागतो. इथवर शाबासकीच द्यावी. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लाने बिनतारी लहरींवर छोटी बोट चालवून दाखवली, तेव्हा लोक असेच थक्क झाले होते.

पण दिवा वेगळा आणि विहिरीवरची थ्री-फेज मोटर वेगळी. पहिली अडचण अंतराची. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब. तिला चांगले एरिअल हवे तर पावणेतीन मीटरचे. खेळण्याचे एरिअल वीतभर, म्हणून हुकूम अंगणापलीकडे फारसा जात नाही. मग ताकद वाढवण्याचा मोह होतो. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला केला, पण ५ वॅटच्या मर्यादेत आणि उपकरणातच बसवलेल्या एरिअलसह. घरी ताकद वाढवलेला रिमोट दुसऱ्यांच्या बिनतारी यंत्रांत व्यत्यय आणू शकतो.

दुसरी अडचण जिवाची. या ठोक्यांत गुप्त काही नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या रिमोटचे १० ठोके तेच. तुम्ही स्टार्टर उघडून काम करत आहात आणि शेजारच्या मळ्यात पोराने गाडीची कळ दाबली, तर?

तिसरी अडचण सर्वांत मोठी. खेळण्याचा रिमोट बोलतो, पण ऐकत नाही. गाडी डोळ्यांसमोर असते, म्हणून ते चालते. विहीर दिसत नाही. मोटर चालू झाली का, एक फेज गेला का, विहिरीत पाणी आहे का, यातले काहीच घरी कळत नाही. मोटर जळाल्यावरच कळते.

पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी ही गोष्ट ओळखली. मोटर चालू-बंद करण्यासाठी आजोबांना करावी लागणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. त्यांच्या 'नॅनो गणेश' यंत्रात स्टार्टरला मोबाइल जोडलेला असतो. शेतकऱ्याने फोन करून आकडे दाबायचे. वीज आहे की नाही, मोटर चालू आहे की बंद, हे यंत्र उलट आवाजाने सांगते. हुकमाला उत्तर मिळते, हाच खेळण्यातला आणि कामाच्या यंत्रातला फरक.

तेव्हा आबांनी पोरावर रागावू नये. जुना रिमोट त्याला खुशाल उघडू द्यावा, ठोके मोजू द्यावेत, बॅटरीवरचा दिवा लावू द्यावा. मात्र स्टार्टरच्या पेटीला हात लावू देऊ नये. ते काम परवानाधारक वायरमनचे. यंत्र विकत घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: हे माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचे ऐकेल का? आणि मोटर चालू झाली नाही, तर मला सांगेल का? ज्या पोराने रिमोट उघडून पाहिला आहे, त्याला हे प्रश्न बरोबर विचारता येतील. त्याला दुकानात सोबत न्यावे.