शिधापत्रिकेच्या रंगाची अट

१९८६ साली राष्ट्रीयीकृत विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ प्रचारात आणली आणि १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांनाही त्या व्यवसायाची मुभा मिळाली. परंतु ज्याला मधुमेह किंवा हृद्रोग आधीच जडलेला, त्याचा अर्ज एक तर नामंजूर व्हावयाचा, नाही तर त्या विकारापुरती काही वर्षांची प्रतीक्षा त्याच्या माथी बसावयाची, असा या धंद्याचा रिवाज होता. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात ओझरच्या विमान कारखान्यातील कामगाराला निदान नोकरीचा आधार होता. लासलगावच्या बाजार समितीतील हमालाला व द्राक्षबागेत छाटणीस येणाऱ्या मजुराला तोही नव्हता.

१९९७ च्या जीवनदायी योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या मोजक्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. विम्याची व्यवस्था मात्र २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या रूपाने, आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून नाशिकसह सर्व राज्यात आली. हप्ता सरकारने भरावयाचा, वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार रुग्णाने विनामूल्य घ्यावयाचे, आणि पूर्वीच्या आजाराची सबब कोणी पुढे करावयाची नाही, अशी तिची तजवीज होती.

परंतु रोगाची अट उठली, तेथे शिधापत्रिकेच्या रंगाची अट बसली. पिवळी व केशरी पत्रिका ग्राह्य, पांढरी अग्राह्य. पुढे मराठवाडा-विदर्भातील चौदा आपद्‌ग्रस्त जिल्ह्यांच्या पांढऱ्या पत्रिकाधारक शेतकऱ्यांना सवलत मिळाली. नाशिक त्या यादीत नव्हते. सबब चार हेक्टर बागायतीमुळे दफ्तरी सधन ठरून पांढरी पत्रिका मिळालेला, पण ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका गारपिटीत जावे, असा निफाडचा बागायतदार आजारामुळे कंपनीला नको होता आणि सधनतेमुळे सरकारला. कंपनीच्या नकारामागे निदान जोखमीचा हिशेब होता. सरकारी नकाराचा रोगाशी काही संबंधच नव्हता.

मे २०२० मध्ये, महामारीच्या धाकाने, पत्रिकेची ही अट सर्व राज्यासाठी प्रथम शिथिल झाली. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत, राज्यातील सर्व रहिवाशांना पाच लाखांचे संरक्षण मिळू लागले. त्याच वर्षी विमा नियामकाने पूर्वीच्या आजारासाठीची कमाल प्रतीक्षा चार वर्षांवरून तीनवर आणली. यादीबाहेरचे उपचार व अंगीकृत नसलेली रुग्णालये या योजनेच्या कक्षेबाहेरच आहेत. तरी आजाऱ्याला आजारी असल्याबद्दल वगळू नये, हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर त्याला जमिनीच्या क्षेत्रफळाबद्दल वगळण्याची चूक दुरुस्त होण्यास एक तप लागावे, याचा जाब सरकारदरबारी कोणी विचारलेला दिसत नाही.